‘हरकत’नंतरचे ‘नाही’

दोन हजार साल उलटून काही वर्षे झाली, तेव्हा आमच्या भागातील एका कार्यालयाला आधुनिक होण्याची अनावर उबळ आली. या कार्यालयाला मी आयुष्यभर पत्रे लिहीत आलो आहे. माझी पत्रे स्वीकारावी लागू नयेत एवढ्याचसाठी त्यांनी संगणक घेतले, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही.

पिंपळवंडीच्या शिवारातून जाणारा रस्ता रुंद करण्याची त्यांची सूचना निघाली. माझे थोरले बंधू गेल्यापासून वहिनी एकट्या शेती पाहत. त्यांची विहीर नेमकी नव्या आखणीत येत होती आणि त्यांचे सारे टोमॅटो त्या एका विहिरीवर उभे होते. सूचनेत शेवटी लिहिले होते : ‘हरकती केवळ संकेतस्थळावर स्वीकारल्या जातील.’ म्हणजे ज्या बाईने आयुष्यात टेलिफोनसुद्धा दोन्ही हातांनी धरून कानाला लावला, तिने आता संकेतस्थळी प्रकट व्हावे.

मी त्यांना नारायणगावला एका सायबर कॅफेत घेऊन गेलो. चालकाच्या घराण्याचा पिढीजात धंदा भुसार मालाचा. हा गृहस्थ मात्र जगात जे नवे निघेल ते आपल्या दुकानात सर्वांआधी आणण्याच्या ध्यासाने पछाडलेला होता.

“काका, नवा ब्राउझर टाकलाय. एकाच खिडकीत दहा पानं उघडतात!”

“मला एकच उघडायचे आहे,” मी म्हणालो.

ते उघडले. अर्जात दोन वर्तुळे होती. पहिल्यापुढे लिहिले होते ‘हरकत’ आणि दुसऱ्यापुढेही लिहिले होते ‘हरकत’.

“दोन हरकती घेत असतील,” चालक आत्मविश्वासाने म्हणाला.

वहिनींच्या हरकती योगायोगाने दोनच होत्या : शेतात जायचा बांध तुटतो, ही एक, आणि विहीर जाते, ही दुसरी. चालकाने बांधासाठी पहिले वर्तुळ दाबले, विहिरीसाठी दुसरे. दुसरे दाबताच पहिल्यातला ठिपका नाहीसा झाला.

“एका वेळी एकच घेतंय.”

“मग विहीरच राहू दे, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “बांधाचं बघू मागनं.”

खाली कारणाच्या चौकटीत मी विहिरीबद्दल मुद्देसूद मजकूर सांगितला, चालकाने तो उतरवला आणि अर्ज रवाना झाला.

पुढे सुनावणीची सूचना आली. तिच्यात आमच्या अर्जाचा गोषवारा होता : ‘अर्जदारास हरकत नाही. कारण, विहीर बुजून बागायत कायमची संपुष्टात येईल.’ इतक्या उदार अंतःकरणाची बाई जुन्नर तालुक्यात दुसरी निपजली नसेल.

मी तो कागद घेऊन चालकापुढे उभा राहिलो. त्याचा चेहरा उतरला. गल्ल्यावरच्या एका यंत्रात जुना ब्राउझर अजून शिल्लक होता. त्याने तेच पान त्यात उघडले, आणि तिथे पहिल्या वर्तुळापुढे ‘हरकत आहे’ आणि दुसऱ्यापुढे ‘हरकत नाही’ असे स्वच्छ दिसले.

“ह्या शब्दांची चौकटच छोटी ठेवलीय त्यांनी, काका. जुन्यात मजकूर मावला नाही की चौकट आपोआप फुगते. नव्यात जेवढी सांगितली तेवढीच राहते, उरलेलं कापलं जातं.”

“यांतला नियमाप्रमाणे कोण वागतो?”

“नवा,” तो खाली मान घालून म्हणाला.

म्हणजे जुना ब्राउझर बिनदिक्कत नियम मोडत होता आणि शासनाचे कामकाज त्या नियमभंगाच्या भरवशावर सुरळीत चालले होते. मला यात नवल वाटण्यासारखे काही आढळले नाही.

मी तत्काळ पत्र लिहिले. या वेळी उत्तर आले, ते असे की, ‘हे संकेतस्थळ अमुक ब्राउझरमध्ये सर्वोत्तम दिसते’ ही सूचना पानाच्या तळाशी दिलेली आहे. सर्वोत्तम! भाषेचा साधा नियम असा की, एके ठिकाणी सर्वोत्तम दिसणारी वस्तू इतरत्र निदान बरी दिसावी. इथे तर ‘नाही’ हा अख्खा शब्द परागंदा झाला होता.

मूळ पुरावा हाताशी असताना त्याची नक्कल का द्यावी? चालकाने ते पान नव्या ब्राउझरच्या यंत्रात साठवून घेतले, आणि सुनावणीच्या दिवशी मी, वहिनी, चालक व तो संगणक असे चौघे जुन्नरच्या जीपपाशी गेलो.

“पावणं, ह्याला बी शीट लागंल,” ड्रायव्हर म्हणाला.

“तो साक्षीदार आहे,” मी म्हणालो.

“मग म्होरं बसवा की राव. मागं लई हादरं बसत्यात, इसरंल समदं.”

सुनावणीच्या दालनात साहेबांच्या टेबलावर आम्ही यंत्र मांडले. साहेबांनी आधी आपल्या संगणकात पाहिले.

“आमच्याकडं तर बरोबर दिसतंय.”

“आपण आपल्याच हरकती घेणार असाल तर तेवढे पुरे आहे,” मी म्हणालो.

त्यांनी आमच्या पडद्याकडे पाहिले. ‘हरकत’ आणि ‘हरकत’. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग वहिनींकडे वळून सौजन्याने म्हणाले, “हरकत नाही, मावशी. तुमचं म्हणणं लिहून घेतो.”

शेजारच्या लिपिकाने तत्परतेने लिहिले : ‘हरकत नाही.’

“खोडा ते!” मी उभा राहिलो.

“सायेब,” वहिनी म्हणाल्या, “‘न्हाई’ न्हाई. ‘हाय’.”

यांतले नेमके कोणते ‘न्हाई’ खोडायचे या पेचात लिपिक पेन वर धरून बसला. अखेर साहेबांनी त्याच्या हातून कागद ओढून घेतला आणि स्वहस्ते लिहिले : ‘हरकत आहे.’ बांधाचीसुद्धा नोंद मी तिथेच करवून घेतली.

कार्यालयाने संकेतस्थळ दुरुस्त केले नाही. तळाची सूचना मात्र मोठ्या अक्षरांत केली.

परतीच्या जीपमध्ये संगणक मांडीवर धरून बसलेला चालक उत्साहाने म्हणाला, “काका, ह्याच्याही पुढचा आलाय. दुकानात गेलो की आजच टाकतो!”

“रस्त्याचा निकाल लागंस्तवर,” वहिनी म्हणाल्या, “त्या डब्याला हात लावायचा न्हाई.”

अधिकारक्षेत्र नसताना दिलेला तो आदेश त्याने निमूटपणे पाळला. आखणी बदलली, रस्ता विहिरीला वळसा घालून गेला, आणि मगच त्या यंत्रात त्याहून नवा ब्राउझर आला.