कुंपणापलीकडून येणारी भाजी

मी शाळेत शिकवते, म्हणून आठवड्याचं वाटप रविवारीच करून फ्रीजमध्ये ठेवते. खोबरं, कांदा, मसाला एकदाच भाजून वाटला की रोजची आमटी पटकन होते आणि गॅसही वाचतो. भाजी परसातलीच असते.

गेल्या वर्षी वेलावरचे दुधी नाहीसे होऊ लागले. सकाळी बघून ठेवलेला दुधी मी शाळेतून येईपर्यंत गायब. त्याच सुमारास शेजारच्या काकी आम्हाला वाटीभर दुधीची भाजी आणून द्यायला लागल्या, आणि त्यांच्याकडे तर वेलच नव्हता! आमचाच दुधी आम्हाला वाढतात, या संशयाने मी त्यांच्याशी तुटक बोलू लागले.

सासूबाई म्हणाल्या, "माकडां नेत आसतली."

पण देठ तर कोयतीने कापलेला दिसत होता.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. मागच्या दारी आले, तर सासूबाईच कुंपणावरून काकींच्या हातात दुधी देत होत्या. "ताजा खोबरा घालून कर गो," त्या सांगत होत्या.

मला पाहताच काकींनी दुधी पदराआड घेतला. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुझा वाटप वायट नाय. पण आठवडाभर तीच चव, माझी जीभ विटली."

मला रागही आला आणि हसूही. आता मी वाटप अर्ध्या आठवड्याचंच करते, पुढचं त्या ताजं वाटतात. काकींशीही नीट बोलते. पण दोघी कुंपणापाशी कुजबुजताना दिसल्या, की हातातलं काम टाकून मी मागच्या दारी जाते.