कुंपणापासून तीन फूट

उन्हाळ्यात कूलरच्या वायरची ठिणगी त्याच्याच वाळलेल्या खसाच्या ताटीवर पडली आणि आमच्या नागपूरच्या घराची मागची खोली जळाली. विमा होता, म्हणून बाबा निर्धास्त होते. पण कार्पोरेशनने सांगितलं की आता कुंपणापासून तीन फूट सोडल्याशिवाय भिंत बांधता येणार नाही. म्हणजे जुना पाया वाया गेला, नवा खोदा. विम्याचा साहेब आमचाच चहा पिऊन म्हणाला, “जळालं तेवढं भरून देऊ. नियमापायी वाढलेला खर्च तुमचा.”

“हा कुठला मेला नियम!” बाबा कडाडले.

आई आणि मी खाली मान घालून बसलो. नियम आम्हाला चांगला ठाऊक होता. शेजारच्या काकांनी स्वयंपाकघर बांधायला काढलं, तेव्हा ह्याच नियमावर बोट ठेवून बाबांनी तक्रार केली होती आणि त्यांची अर्धी झालेली भिंत पाडायला लावली होती.

संध्याकाळी काका कुंपणाशी आले. टोमणा मारतील असं वाटलं. मारला असता तर बरं झालं असतं.

“जुन्याच पायावर बांधा ना भाऊ,” ते म्हणाले. “मी नाही जात तक्रार कराले.”