क्लोरीनकाकी पाण्यात उतरली

तिला सगळे क्लोरीनकाकी म्हणत. नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण चिकटलं ते चिकटलंच. टेकडीवरच्या बंगल्यांमधली पोरं तिची सायकल वळणावर दिसायच्या आधी वासावरूनच ओळखत आणि ओरडत सुटत, "काकी आली, बाहेर निघा!" अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, त्यावर औषधाचे शिंतोडे उडून पडलेले पांढुरके डाग, सायकलच्या मागे बांधलेला लांब दांड्याचा ब्रश आणि पानं काढायची जाळी. घरोघरचे स्विमिंग पूल स्वच्छ ठेवायचं तिचं काम. काकी पूल-बिल म्हणत नसे, सरळ टाकी म्हणे.

काम मुळात नवऱ्याचं. एकदा कुणीतरी क्लोरीनची पावडर राहिलेल्या बादलीत चुकून अ‍ॅसिड ओतलं आणि जो पिवळट धूर निघाला तो त्याच्या छातीत जाऊन बसला. जीव वाचला, पण दम गेला. जिना चढताना तो मध्येच थांबे आणि भिंतीवरचं काहीतरी निरखत असल्याचं सोंग करी. काकीला ते कळे. कळत नसल्याचं सोंग ती करी.

मग तिने सायकल उचलली. त्याने तिला खाटेवर बसूनच सगळं शिकवलं. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी कधी ओतायचं नाही. अ‍ॅसिडचा आणि क्लोरीनचा डबा भांडलेल्या जावांसारखे लांब लांब ठेवायचे.

"आणि पाण्यात पडू नकोस. तुला पोहता येत नाही," तो शेवटी म्हणाला.

"तुम्हाला कुठे येतं?"

"म्हणून तर सांगतोय."

तेव्हापासून काकी काठावर. ब्रश फिरवता फिरवता पाण्यावरचं ऊन भिंतीवर, झाडांवर, तिच्या हातांवर थरथरत राही. घरी येऊन डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत ते हलतच असे. झोपेत तिला कधीकधी वाटे, आपली खाट कुठल्याशा टाकीच्या तळाशी ठेवलेली आहे आणि वर, खूप वर, कुणीतरी जाळीने पानं काढतं आहे. भीती नाही वाटायची. सकाळी उठून ती सायकलच्या चाकात हवा भरी.

एका पावसाळ्यानंतर दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी बरीच वर्षं बंद पडलेलं घर घेतलं आणि काकीला बोलावणं आलं. टाकीतलं पाणी शेवाळाने गच्च हिरवं झालं होतं. त्यात एक प्लॅस्टिकची खुर्ची अर्धी बुडालेली, आणि तिच्या पाठीवर एक बेडूक घरमालकासारखा बसलेला.

"काकी, सगळं उपसून टाकायचं का हो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नको. औषधाने उतरेल. थोडा धीर धरा."

"धीर माझ्या बाबांना नाहीये."

बाबा व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत बसले होते. नदीच्या मुखाशी या काठाची माणसं त्या काठाला नेणारी बोट त्यांनी उभी हयात चालवली होती, म्हणून सगळे त्यांना कप्तान म्हणत. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचं डावं अंग लुळं पडलं होतं. पाण्यात अंग हलकं होतं, तिथे पाय हलवून बघा, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईने सांगितलं होतं.

"बघा बाई," कप्तान वाकड्या झालेल्या ओठांनी हसले, "पोटची पोर, पण मला पाण्यात पाहतेय!"

काकी खो खो हसली. बेडूकसुद्धा दचकून खुर्चीवरून उतरला. मग तिने त्याला जाळीत धरून कुंपणापलीकडच्या ओढ्यात पोचवून दिलं आणि कामाला लागली.

आधी भिंती घासल्या, अ‍ॅसिडचं माप टाकून पाणी ताळ्यावर आणलं. ऊन क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून भरपूर मात्रा द्यायला ती संध्याकाळी परत आली. बादलीत पावडर विरघळवून काठाकाठाने फिरत ओतली. पंप घुमत राहिला. दुसऱ्या दिवशी हिरवं पाणी राखाडी झालं आणि नंतर दुधाळ. टाकीला तळच नाही असं वाटू लागलं.

कप्तान खुर्ची काठाजवळ घ्यायला लावून तासन्‌तास त्या दुधाळ पाण्याकडे बघत बसत.

"धुकं असंच असायचं," एकदा ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले. "हा काठ दिसेना, तो काठ दिसेना. बोटीतली माणसं आपोआप गप्प व्हायची. इंजिन चालू असायचं, पण वाटायचं, आपण जागच्या जागी उभे आहोत आणि काठच कुठेतरी निघालेत."

"मग पोचायचात कसे?"

"पोचायचो. दर वेळी नवल वाटायचं."

काकी ब्रश हातात धरून उभीच राहिली. पंपाचा आवाज दूरच्या इंजिनासारखा ऐकू येत होता.

तिने गाळ खाली बसवणारं औषध टाकलं, पंप बंद ठेवला. सकाळी सगळं धुकं तळाशी निजलं होतं. नळीने ते अलगद ओढून काढलं, तशा खालच्या फरश्या एकेक करून वर आल्यासारख्या दिसू लागल्या. पाणी आहे की नाही, हेही कळेना.

"आजच उतरवा मला," कप्तान म्हणाले.

"आज नाही. दिसायला छान आहे, पण औषध कडक आहे अजून. डोळे चुरचुरतील."

"अहो, मी नदीत जन्म काढलाय!"

"नदीत मी औषध टाकलं नव्हतं."

कप्तान गाल फुगवून बसले. काकी रोज काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब सोडी आणि उजेडात धरी. गडद पिवळा रंग फिका होत होत लिंबाच्या सालीवर आला, तेव्हा ती म्हणाली, "उद्या."

पण त्या उद्याला, कप्तानांना धरायला येणाऱ्या माणसाची नेमकी कंबर धरली. त्याचा निरोप आला तेव्हा डॉक्टरीणबाई पाण्यात उतरून उभ्या होत्या आणि कप्तान नवा पंचा खांद्यावर टाकून तयार होते. एकट्या मुलीला ते झेपणारं नव्हतं. कप्तान समोरच्या भिंतीवरचं काहीतरी निरखत राहिले.

ते बघणं काकीच्या चांगल्या ओळखीचं होतं. तिने चपला काढल्या.

"मला पोहता येत नाही, आधीच सांगते."

"मलाही आता कुठे येतं?" कप्तान म्हणाले. "पाणी छातीइतकंच आहे. तुम्ही मला धरा, मी तुम्हाला धरतो."

दोघींनी मिळून त्यांना पायऱ्यांवरून आत घेतलं. काकीच्या शर्टात हवा भरून तो फुग्यासारखा वर आला. या पाण्याचा आंबटपणा तिला ठाऊक होता, रंग ठाऊक होता, त्याची दुखणीखुपणी ठाऊक होती. पण ते असं सगळीकडून टेकू देतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. जमिनीवर ओंडक्यासारखा पडून राहणारा कप्तानांचा डावा पाय हळूहळू वर आला आणि हलला. पाण्याने हलवला की त्यांनी, कुणालाच सांगता आलं नसतं.

डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले. "क्लोरीन जास्त आहे वाटतं."

"नाही हो. बरोबर आहे," काकी म्हणाली, आणि तिचेही डोळे भरले.

"आता तुमची पाळी," कप्तानांनी आपला धड उजवा हात तिच्या पाठीखाली धरला. "मान सोडा. आभाळाकडे बघा. कान बुडू द्या, घाबरू नका."

कान बुडले आणि जग बंद झालं. पंप, पाखरं, रस्त्यावरची गाडी, सगळं कुणीतरी दार लोटून घेतल्यासारखं पलीकडे राहिलं. आत फक्त तिचा श्वास, एखाद्या मोठ्या रिकाम्या घरात फिरणाऱ्या माणसासारखा. वर आभाळ होतं, आणि क्षणभर ती त्याच्यावर तरंगते आहे की त्याच्याखाली, हेच तिला कळेना. कप्तानांनी हात केव्हा काढला, तेही कळलं नाही.

घरी नवऱ्याने ओला शर्ट पाहिला. "पडलीस?"

"उतरले."

त्याने दोरीवरचा टॉवेल काढून तिच्या हातात दिला. मग हळूच म्हणाला, "कसं असतं गं?"

काकीने शर्टाची बाही पिळली. "बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन यावं आणि दारात कुणीतरी त्या काढून घ्याव्यात ना, तसं," ती म्हणाली.

कप्तानांचा हात काही सुधारला नाही. पण पाय सुधारला, आणि उन्हाळा लागेपर्यंत ते काठी टेकत आपले आपण काठापर्यंत येऊ लागले. काकी आधी तरंगायला शिकली, मग पाय मारायला. एका दुपारी डॉक्टरीणबाईंनी गाडी पाठवून तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. तो वासाला बिचकत बिचकत आला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला कप्तानांशेजारी बसला. बायको या काठाहून त्या काठाला गेली तेव्हा त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. ती परत आली तेव्हा सोडला. थोड्या वेळाने त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडले.

"आता बाहेर ये," तो म्हणाला. "ओठ निळे पडलेत तुझे."

"थांबा हो जरा," काकी म्हणाली, आणि पुन्हा उताणी झाली.