एकशे त्र्याऐंशी वाटा

त्या वर्षांत मी अमळनेरला राहायचे आणि धुळ्याच्या कॉलेजात गणित शिकवायचे. सकाळची एसटी, चार तास, दुपारची एसटी, मग स्वयंपाक. नवरा जळगावला नोकरीला, शनिवारी यायचा. घरी मी आणि सासरे. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. तेलाच्या गिरणीतून निवृत्त झाले आणि सहाच महिन्यांत अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, "हाताला काम द्या. रेघा ओढू द्या, काहीही."

मी आदल्या सुट्टीत पुण्याला जाऊन कॉम्प्युटरची भाषा शिकून आले होते. तिथल्या यंत्राकडून काहीतरी करून घ्यावं असं डोक्यात होतं, म्हणून एक जुनं कोडं घेतलं. चौकटींची जाळी. खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जायचं, रेघांवरूनच, आणि एका ठिपक्यावर दोनदा पाय द्यायचा नाही. अशा वाटा किती? एका चौकटीला दोन, दोन बाय दोनला बारा. पुढचे आकडे यंत्राने काढावेत.

तेच कोडं मी नानांना दिलं. उत्तरपत्रिकांची कोरी पानं कापून चिठ्ठ्या केल्या, त्यांवर तीन बाय तीनची जाळी आखली आणि म्हटलं, "नाना, एका चिठ्ठीवर एक वाट."

ते रोज काढत बसले. पहिल्या आठवड्यात रेघा सापासारख्या वळायच्या. महिन्याभरात सरळ येऊ लागल्या. मी कॉलेजातून आले की खाटेवर नवी चळत असायची. मला त्याकडे बघायचंही त्राण नसायचं. "छान," म्हणायचे आणि स्टोव्ह पेटवायचे.

सगळ्या वाटा काढून झाल्या, म्हणून एका रविवारी सकाळी त्यांनी हाक मारली. घरात ते अहिराणीच बोलत.

"माय, बठ्ठा झायात. एकशे त्र्याऐंशी."

मी कपडे वाळत घालत होते. तशीच म्हणाले, "नाना, हा आकडा विषम येणार नाही."

"कसा काय?"

मी ओले हात पुसले, एक चिठ्ठी उचलली आणि वाटेची दोन्ही टोकं जागच्या जागी राहतील अशी उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली. मागून तीच वाट दिसली, पण जी आधी उजवीकडे निघाली होती ती आता वर निघाली होती. "प्रत्येक वाटेला अशी जोडीदार असते. म्हणून आकडा समच हवा."

त्यांनी चिठ्ठ्यांकडे पाहिलं. "मंग एक कोठे हारपनी?"

मला खरं तर जरा पडायचं होतं. तरी बसले. एकेक चिठ्ठी उजेडात धरायची, तिची जोडी शोधायची, बाजूला ठेवायची. दुपार झाली, वरण गार झालं. एक्याण्णव जोड्या लागल्या आणि एक चिठ्ठी उरली, सगळ्या जाळीभर नागमोडी फिरणारी. नानांनी तिची जोडीदार स्वतः काढली. हात सावकाश चालला, पण शेवटच्या ठिपक्यापर्यंत गेला. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चार बाय चारची जाळी मागितली.

इकडे माझ्या कार्डांचं रडगाणं चालू होतं; तेव्हा यंत्राला सूचना द्यायच्या त्या कार्डांना भोकं पाडून. पोस्टाने पुण्याला पाठवायची, तीन आठवड्यांनी उत्तराचा कागद परत यायचा. पहिल्या वेळी एका जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ छिद्रित झाला होता, काहीच चाललं नाही. दुसऱ्या वेळी यंत्र बंद वाटेतून मागे फिरायचं विसरलं. चूक माझीच होती, ती शोधायला एसटीतले आठ दिवस गेले. तिसऱ्या वेळी कागदावर ओळीने आकडे आले: २, १२, १८४, ८५१२. पुढच्या जाळीला ठरवून दिलेला वेळ संपला आणि यंत्राने काम मध्येच सोडलं.

मी कॉलेजातून कागद घेऊन आले. डोकं दुखत होतं. नानांपुढे टाकून म्हटलं, "हे बघा, एकशे चौऱ्याऐंशी. तुमचं बरोबर होतं."

ते हसले. मग शेवटच्या आकड्यावर, चार बाय चारच्या ८५१२ वर, बोट ठेवलं. त्या जाळीच्या त्यांच्या चारशेच्या वर चिठ्ठ्या झाल्या होत्या.

"यंत्रले कितला येळ लागना?"

थोडं थांबले असते तर बरं झालं असतं. दमलेल्या माणसाच्या तोंडून खरं पटकन निघतं. म्हणाले, "मिनिटसुद्धा नाही."

नानांनी पेन्सिल उशीखाली सरकवली. "मंग मी कसाले काढू?"

मी खूप समजावलं. हातासाठी आहे, आकड्यासाठी नाही. ते मान हलवत ऐकत राहिले. पेन्सिल मात्र घेतली नाही. जाळी पुढे ठेवली तर कागद नीट घडी करून मला परत द्यायचे. मीही नंतर पुण्याला कार्डं पाठवली नाहीत. यंत्रावर जास्त वेळ मागायला अर्ज करावा लागला असता, आणि तो लिहायला बसावं असं कधी वाटलं नाही.

महिन्याभराने उजवा हात पुन्हा आखडायला लागला. मी त्यांच्यापुढे भुईमुगाच्या शेंगा सोलायला ठेवल्या. त्यांनी सगळ्या सोलल्या, पण डाव्या हाताने.