कुसुमवहिनीच्या वाटणीच्या गोळ्या

आमच्या माहेरी आईचा एकच कायदा: जे येईल ते दोन्ही सुनांना निम्मं-निम्मं. साडी असो, आंबे असोत. हा कायदा थोरल्या कुसुमवहिनीनेच तिच्या गळी उतरवला, कारण धाकटी शीतल घरात आल्यापासून वहिनीचा जीव जळतोय. वहिनी माझी लाडकी, पण तिच्या मत्सराला तोड नाही.

मी गेल्या आठवड्यात माहेरपणाला गेले, तेव्हा शीतलची कंबर धरली होती. डॉक्टरांनी स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं, रात्री जेवल्यावर एकच, तीही थोडेच दिवस. झोप येते, तेव्हा गाडी चालवायची नाही. शीतलला चहा अंथरुणात. अमितदादा, तिचा नवरा, स्वतः पाठ शेकून देतोय. वहिनी भाकऱ्या थापता थापता हे बघत होती. तिचीही कंबर कैक वर्षं दुखते आणि कुणी कधी विचारलं नाही, हेही खरंच.

"कंबर काय तिला एकटीलाच आहे?" ती आईला म्हणाली. "मला पण दुखतंय की ओ."

"मग घे की निम्म्या," म्हणत आईने कात्रीने गोळ्यांची पट्टी मधोमध कापली. न्याय झाला. औषधाचं नाव तेवढं शीतलच्या अर्ध्यात गेलं.

वहिनीने आपली गोळी सकाळीच घेतली. काम दिवसा, तर गोळी रात्री कशाला, हा तिचा हिशोब. कापडाच्या धुळीने तिला शिंका येतात, त्यासाठीची रोजची गोळीही वर घेतली. मग जेवणाचा डबा घेऊन स्कूटरवरून दुर्गदबैल बाजारातल्या आमच्या कापडाच्या दुकानाकडे निघाली. वळणावर डोळे मिटले आणि स्कूटर केळ्यांच्या गाड्यावर गेली. कोपर खरचटण्यावर भागलं. पण मी दवाखान्यात पोचले, तेव्हा तिची जीभ जड झाली होती आणि डोळे उघडत नव्हते.

"याव गुळगी?" डॉक्टरांनी कानडीत विचारलं. कोणती गोळी? वहिनीच्या पर्समधल्या अर्ध्या पट्टीवर नावच नाही. मी घरी फोन केला. शीतल रिक्षाने आली आणि एका हाताने कंबर धरून, दुसऱ्या हातात उरलेली पट्टी घेऊन जिना पळत चढली.

वहिनीने एक डोळा उघडला. "बघितलंस? पळायला येतंय हिला."

डॉक्टरांनी दोन्ही अर्धी जुळवली आणि आम्हा सगळ्यांनाच झापलं. "या दोन्ही गोळ्या झोप आणणाऱ्या. एकत्र घेतल्या तर माणसाची शुद्ध हरपू शकते. दुखणं एकच असलं तरी एकाची गोळी दुसऱ्याने घ्यायची नाही. आधीची औषधं सांगितल्याशिवाय नवीन तर मुळीच नाही." संध्याकाळपर्यंत त्यांनी तिला नजरेखाली ठेवलं. मग खुर्ची ओढून विचारलं, "तुमची कंबर कधीपासून दुखते, अक्का?"

वहिनी ढसाढसा रडली.

तपासून त्यांनी तिला गोळ्या दिल्याच नाहीत. व्यायाम शिकवले आणि जड उचलायचं बंद केलं. आता रोज संध्याकाळी ती सोप्यात, सगळ्यांना दिसेल अशी चटई टाकून पाय वर-खाली करते. आई भाकऱ्या करते.

काल शीतल दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग आईकडे वळून म्हणाली, "अक्कांना एवढं सगळं शिकवलं. मला नुसत्याच गोळ्या."

वहिनीची कंबर तिथेच निम्मी बरी झाली.