व्हाइसमधून आलेले घाव

उतारा, करणी, अमावस्या… आमच्या घरात या सगळ्याची टिंगल करणारा मी एकटाच. सैन्यात घोड्यांना नाल ठोकायची नोकरी केली, डोंगरात एकट्यानं पहारे दिले, कधी काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते भर दुपारी, आणि शेजारी माणूस उभा होता.

मलकापुरात हायवेपासून जरा आत माझं छोटं वर्कशॉप आहे. पाचगणीला पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांचे नाल मी इथे तयार करून नेतो. दुकानात एक जुना लेग व्हाइस, म्हणजे लोखंड जबड्यात आवळून धरायचा शिकंजा आहे — कुपवाडचं एक वर्कशॉप बंद झालं, तिथून आणलेला. साधा व्हाइस टेबलावर बसतो. याला मात्र जमिनीपर्यंत लांब लोखंडी पाय असतो. तापलेलं लोखंड यात पकडून कितीही हाणा, घाव पायातून थेट जमिनीत उतरतो.

तो पाय दगडात पुरून बसवला माझ्या धाकट्या चुलत्यांनी, तात्यांनी. नालबंदी मी त्यांच्याकडेच शिकलो. त्यांची ठोकायची एक लकब आहे — एक भारी घाव, मग दोन हलके. जणू हातोडा मधे दम खातोय. तसं ठोकणारा दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

त्या दुपारी नालांची टाचेकडची टोकं दुमडत होतो, उतारावर घोडा घसरू नये म्हणून. लाल नाल व्हाइसमध्ये आवळला, चार-सहा घाव घातले आणि घाम पुसायला थांबलो. डावा हात व्हाइसच्या दांड्यावर होता.

हाताला ठोका लागला.

वाटलं, बाहेर जेसीबी चालू असेल. बाहेर डोकावलो… सगळं शांत. परत हात ठेवला. एक भारी, दोन हलके. एक भारी, दोन हलके…

शेजारच्या गॅरेजमधल्या विलासला हाक मारली. त्यानं पंजा टेकवला.

"काय न्हाई गड्या. गप उभा हाय त्यो."

"नीट बघ की!"

त्यानं नालाचा एक खिळा उचलून व्हाइसच्या जबड्यावर टोक वर करून उभा केला. खिळा जरासुद्धा हलला नाही. आणि त्याच वेळी माझ्या तळव्याखाली घाव पडत होते, पार मनगटापर्यंत जाणवत होते! शिवाय ते मंद होत चालले होते… हात भरून आलेल्या माणसासारखे.

तात्यांना फोन लावला. नुसताच वाजत राहिला. मग काकूला लावला.

"मळ्यात गेल्यात रं," काकू म्हणाली. "हिरीवरची मोटर पाणी उचलंना म्हनत हुते. जेवायलाबी आलं न्हाईत अजून."

मळा नदीपलीकडे, बाइकवर वीसेक मिनिटं.

"विलास, दोर घे. तात्यांच्या मळ्यात जायचंय."

"खुळा का काय तू? मानूस जेवायला उशिरा आला म्हनून…"

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि जाऊन दोर घेऊन आला. खरं सांगतो, मला व्हाइसवरचा हात काढायची भीती वाटत होती. काढला तर ते थांबेल, असं वाटत होतं. शेवटी विलासनं बाइक चालू केली, तेव्हा कुठे हात उचलला.

विहिरीच्या काठावर तात्यांच्या चपला होत्या. आतली दगडी पायरी निखळली होती. खाली हनुवटीपर्यंत पाण्यात तात्या… एक हात लोंबकळत, दुसऱ्यानं पाइपला मिठी. डोळे मिटलेले.

"तात्या!"

त्यांनी डोळे उघडले.

पलीकडच्या फडात ऊस तोडणारी माणसं धावत आली. त्यांनी आणि विलासनं दोर धरला, मी उतरलो. तात्यांच्या बोटांची पकड पाइपवरून सोडवताना मला एकेक बोट उलगडावं लागलं.

संध्याकाळी दवाखान्यात, त्यांच्या हाताला प्लास्टर घातल्यावर मी विचारलं, "तात्या, पाइपवर काय वाजवत हुता तुमी?"

"कशानं वाजवू रं? ह्यो हात मोडलेला. दुसरा सोडला असता तर तळालाच गेलो असतो."

तेच पुढे म्हणाले, "तूच ठोकत हुतास की."

"मी?"

"पान्यात कान बुडला की ऐकू यायचं. तुझाच हात, मला कळत न्हाई व्हय? मग मधीच थांबलास. म्हनलं, ह्यो निघाला… आता येतोय. म्हनून धरून ऱ्हायलो."

लोखंडातून आवाज लांब जातो, हे मलाही ठाऊक आहे. पण मधे अख्खी नदी आहे. आणि माझे घाव त्यांना पोचले असं धरलं, तरी जे त्यांनी घातलेच नाहीत ते माझ्या हाताला कसे लागले? तात्या म्हणतात, "आलास न्हवं तू? झालं तर मग." माझं तेवढ्यावर भागत नाही.