दिवेलागणीला फुटलेला सीएफएल

घरभर एलईडी आले तरी हॉलमधला एक जुना सीएफएल तेवढा टिकून होता. चालतोय तोवर काढायचा नाही, असं आईचं म्हणणं. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी तो गेला आणि घरात सगळ्यात उंच म्हणून मला स्टुलावर चढवलं. तो प्लास्टिकच्या बुडाला धरायचा असतो, काचेला नाही, हे मी शाळेत चार्टवर रंगवलं होतं. वाचून दाखवलं टीचरनी. मी नुसता चार्ट धरून उभी होते. तरी मी काचेलाच धरला आणि तो खाली पडून फुटला.

माहेरी आलेल्या ताईची रांगती मुलगी तुकडे पाहून हसली आणि तिकडेच निघाली. ताईनं तिला उचललं, पण ती खाली उतरायला वळवळत होती.

"त्यात पारा असतो," मी म्हणाले. माझा आवाज मुळात पाहुण्यांना पाणी देऊन आत पळणाऱ्या मुलीचा, त्यात आमच्या निजामपुऱ्यात घराखालीच कापडाचे लूम खडखडत चालू. कुणाला ऐकूच गेलं नाही. आई केरसुणी घेऊन आली.

"आई, झाडू नको. मर्क्युरी इज... म्हणजे पावडर उडते. त्याची वाफ होते. ती श्वासातून आत जाते."

"वाफ? काच हाय ती, भात न्हाय. सरक."

"इंग्लिश शाळेत घातली ना, घ्या आता," ताई म्हणाली.

केरसुणी काचेपर्यंत पोचली. पोरीचा हात ताईच्या खांद्यावरून खाली लोंबत होता. मला दुसरं काही सुचेना.

"दिवेलागण झालीय," मी म्हणाले. "आता केर काढला तर लक्ष्मी जाईल."

आई जागीच थांबली. लक्ष्मीला झाडू दिसतो कसा, असं रोज संध्याकाळी विचारणारी मीच.

"मग काच अशीच ठेवायची?"

"वेचायची. वेचलेलं चालतं."

पंखा बंद केला, खिडक्या उघडल्या, सगळ्यांना स्वयंपाकघरात पाठवलं. थोड्या वेळाने साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यानं तुकडे उचलले, चुरा चिकटपट्टीनं टिपला, फरशी ओल्या कागदानं पुसली. सगळं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून झाकण घट्ट लावलं आणि वर लिहिलं, 'फुटलेला दिवा, उघडू नये.'

बरणी अजून माळ्यावर आहे. ती घंटागाडीत टाकायची नसते, आणि असला कचरा कुठे घेतात ते फोन करून विचारावं लागतं. मी नंबर लावते आणि समोरून कुणी "हॅलो" म्हणालं की फोन कापते.

आईला मात्र फोनची भीती नाही. तिनं पडघ्याच्या मावशीला कळवलं, "पोरगी सुधारली गं. आता मलाच शिकवते." तेव्हापासून देवापुढचा दिवा मी लावायचा. आई मागे उभी राहून बघते, हात जोडते की नाही. मी जोडते. भाची त्याच फरशीवर रांगत येऊन माझ्या पायाला धरते, आणि मी डोळे मिटायच्या आधी एकदा माळ्याकडे बघून घेते.